आईचं विमान आणि तुमचे तीन तास

लातूर, १२ मे १९८६

आदरणीय भगवानराव भाऊजींना,

देविदासचा मानाचा जयभीम. नागाताईला आणि लेकरांनाही सांगावा. इकडे सगळे मजेत. जिल्हा नवा, कचेरी नवी, खुर्च्यासुद्धा नव्या. पाणी तेवढं नाही. (मी कचेरीत टंचाई शाखेत आहे, तरी आमच्या गल्लीत टँकर पाचव्या दिवशी येतो.) तुमच्याकडची विहीर आणि सर्वांच्या तब्येती कशा आहेत ते कळवावं.

तर भाऊजी, आई दुबईला गेली. आपली धाकटी कावेरी तिथल्या दवाखान्यात नर्स असली, दुसऱ्यांची बाळंतपणं रोज करत असली, तरी स्वतःच्या पहिल्या खेपेला तिला आईच पाहिजे होती. तुम्ही शाळेच्या नकाशावर दोरा लावून कार्डात कळवलं होतं, की मुंबई ते दुबई सुमारे एकोणीसशे तीस किलोमीटर, चढणं-उतरणं धरून तीन तास. ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीनच घंटे? आन् नायगावला जायाला माझा दिस मोडतो. म्हंजी म्या लांब दिली ती नागाच की रे!" (हे ताईला वाचून दाखवू नये.)

मुंबईपर्यंत मी सोबत गेलो. सकाळी अकराच्या विमानात ती एकटी बसली आणि मी एसटीनं परतलो. घरी पोचतो तर तार आलेली : "आई साडेबाराला उतरली." मी बोटं मोजली. अकरा ते साडेबारा, दीडच तास! तुमचं गणित चुकत नाही हे अख्ख्या बिलोली तालुक्याला ठाऊक. मग चुकली ती आई. अर्ध्या वाटेतच उतरली! शेजारचे ईश्वरप्पा टँकर चालवतात, त्यांना प्रवासातलं कळतं. ते म्हणाले, "घाईघाईत मधल्याच ठेसनावर उतरवलं असंल." मी लेकराच्या पुस्तकातला नकाशा उघडला, तर अर्ध्या वाटेवर नुसता समुद्र.

ईश्वरप्पांना घेऊन पोस्टात गेलो आणि कावेरीच्या दवाखान्यात ट्रंक कॉल लावला. चार तासांनी फोन लागला.

"आई, तू कुठं हायस?" मी ओरडलो.

"काविरीपाशी! आनिक कुठं असणार?"

साडेबाराचं विचारलं, तर चौथीही न शिकलेली माझी आई मला पदवीधराला म्हणाली, "अरे येड्या, हितलं घड्याळ दीड घंटा मागं हाय. उतरताना इमानातल्या पोरीनं समद्यांना सांगितलं. लई गुणाची पोरगी. म्या खिडकीपाशी रुमाल टाकून जागा धरली, तर हसून म्हणली, आजी, ती तुमचीच हाय." मग म्हणाली, "थांब, ऐक," आणि फोनमध्ये एक बाळ असं रडलं, की दुबईहून लातूरला फोनशिवायही ऐकू यावं.

मुलगी झाली, भाऊजी! आई पोचली त्याच दिवशी संध्याकाळी. आईनं कावेरीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही म्हणे. मी पोस्टातच "मामा झालो!" म्हणून ओरडलो. ईश्वरप्पांनी समोरच्या दुकानातून गूळ आणून तिकिटांच्या रांगेतल्या सगळ्यांना वाटला. माझ्या डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबेना.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार, लेकरांना पापे.

आपला,
देविदास

ता. क. : मुंबईला जायला चार दिवसांची रजा पाहिजे होती. टंचाईत रजा मिळत नाही, म्हणून तुम्हाला विषमज्वर झाल्याचं अर्जात लिहिलं होतं. आमचे साहेब फार मायाळू. येत्या गुरुवारी नांदेडची बैठक आटोपून देगलूरला सासरवाडीला जाताना ते तुम्हाला बघायला नायगावला थांबणार आहेत. तरी कृपा करून आजपासून दाढी करू नये, पारावर जाऊ नये, आणि साहेबांची जीप दिसताच अंथरूण धरावं.

आणखी एक : ते मोसंबी आणतील. त्यांच्यासमोर खाऊ नये. तुमच्या तोंडाला चव नाही असंही मी लिहिलं आहे.