भावाचं नाव न घेता

मंगळवार, संध्याकाळ, ऐरोली

सायलीची पोलीस संरक्षणाची याचिका कोर्टाने आज फेटाळली. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून तिचा भाऊ रोज सीवूड्सला तिच्या सोसायटीच्या गेटसमोर नुसता उभा राहतो. बोलत काहीच नाही. मी ज्यांच्या हाताखाली काम करते, त्या तिच्या वकील मॅडम म्हणाल्या, "आधी पोलिसांत साधी तक्रारही नाही. कोर्ट कशावरून मानणार गं?" पटलं. तरी नुसतं उभं राहणं ही धमकी नाही?

"तक्रार का नाही केलीस?" मी सायलीला विचारलं.

"दादाचं नोकरीसाठीचं पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय. पोलिसांत नाव गेलं तर हातची नोकरी जाईल त्याची. याचिकेतही म्हणूनच त्याचं नाव घालू दिलं नाही मी."

म्हणजे ज्याची भीती, त्याचीच काळजी. हे याचिकेत कुठे लिहितात? उद्या तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जातेय. ती नाव सांगेल का, कोण जाणे. तिच्या आधी मी सांगायचं नाही, एवढं ठरवलंय.