दोनशे बारा ओंडके आणि एक पोळपाट

मी, हशमतराय मेंघराज सबनानी, वय वर्षे सत्याहत्तर, धंदा इमारती लाकडाचा, राहणार गांधीधाम, जिल्हा कच्छ, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळचा चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर आसनानी यांनी दिला आहे. मला स्वतःला मात्र गेल्या मंगळवारपासून त्याबद्दल शंका आहे, हेही नोंदवून ठेवतो.

या कागदाचा अर्धा भाग सोमवारी सांगितलेला आहे आणि अर्धा मंगळवारनंतर. दोन्हींचा मेळ बसत नाही. आमच्या वकील धर्मिष्ठाबेन ठक्कर यांनी सोमवारचा भाग काढून टाकायला सांगितले.

"काका, एकाच कागदात हो आणि नाही दोन्ही लिहीत नाहीत."

"बेन, मी एकोणीस वर्षं नाही म्हणत होतो. ते पुसून टाकलं तर हो कशासाठी म्हणतोय हे कुणाला कळणार?"

त्यांनी पंखा वाढवला आणि भाग राहू दिला.

कलम १. राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझी एकुलती मुलगी हर्षा हिला. झुलेलालचा देव्हारा जागेवरून हलवू नये. गच्चीवरचा पाण्याचा पाइप गळतो, तो तिने माझ्या मरणाची वाट न पाहता दुरुस्त करावा.

कलम २. बँकेतली ठेव हर्षाला. त्यातून आमचे दिवंगत मुनीम विशनदास यांच्या पत्नीला दरवर्षी चेटीचंडला, म्हणजे आमच्या सिंधी नववर्षाला, साडी आणि मिठाई द्यावी. मिठाई साध्या दुकानातली चालणार नाही, ती बाई नाक मुरडते.

कलम ३. (सोमवारी सांगितलेले.) वखार, करवतीची गिरणी आणि आवारातले सर्व लाकूड हर्षाला. माझा धाकटा भाऊ लेखराज याला त्यातली एक ढलपीसुद्धा मिळू नये. कारण पुढीलप्रमाणे.

सन २००४ मध्ये आम्ही आफ्रिकेतल्या टोगो देशातून प्रथमच सागवान मागवले. भाव इतका स्वस्त होता की मी दोनदा फोन करून खात्री केली. ओंडके निवडायला लेखराज गेला. आमच्या वडिलांच्या वेळेपासून रीत अशी, की निवडलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर आपल्या छापाचा हातोडा मारायचा. आमचा छाप मासा. मासा असेल तो माल आपला, नसेल तो परका. लेखराज चाळीस दिवस तिथे राहिला आणि दोनशे बारा ओंडके निवडल्याचे सांगत परतला. माल आला तो मापात कमी भरला, आणि एकाही ओंडक्यावर मासा नव्हता. मी स्वतः बॅटरी घेऊन प्रत्येक तोंड पाहिले.

"अदा, मी एकेकावर हातोडा मारलाय," लेखराज म्हणाला. आमच्यात भावाला अदा म्हणतात. "हात सुजला होता माझा. झुलेलालची शपथ."

"मग मासे काय समुद्रात पोहून गेले?" मी चारचौघांत विचारले. हमालसुद्धा हसले.

त्याने तिथल्या व्यापाऱ्याकडून पैसे खाऊन भलताच माल भरू दिला, असे मी ठरवले. हातोडा त्याच्या हातातून हिसकावून कपाटात ठेवला. तेव्हापासून तो आदिपूरहून बसने येतो, दुसऱ्यांच्या वखारीत ओंडके मोजतो, आणि माझ्या फाटकासमोरून जाताना मान खाली घालतो. चोराची मान खालीच असते.

कलम ४. हर्षाने पुढे बाहेरदेशी माल मागवल्यास तिने हे ध्यानात ठेवावे. परदेशी व्यापारी जो भाव सांगतो तो घरी आलेल्या पाहुण्यासारखा असतो. एकट्याला पापड-पाणी दिले की मागून त्याचे सगळे गणगोत आत शिरते. आमचे कंटेनर वाटेतल्या एका बंदरात सत्तेचाळीस दिवस उन्हात पडून राहिले. जहाज कंपनीचा माणूस रोज सांगायचा, "शेठ, दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे." त्यात कीड मारायच्या धुरीची मुदत संपली, धुरी पुन्हा घ्यावी लागली. मग जागा अडवली म्हणून भाडे. कंटेनर रिकामा करून परत द्यायला उशीर झाला म्हणून दंड. जहाज कंपनीच्या त्या माणसाला मी काहीही ठेवत नाही. दोन-चार दिवसांत ठेवीन.

(मंगळवारनंतर जोडलेले.) हे सगळे माझ्या नावाने आले आणि मी भरलेही. तरी नुकसान कुठून झाले असे विचारले की मी लेखराजचे नाव सांगायचो. कुणाचे तरी एकाचे नाव सांगायला बरे पडते. इतक्या बिलांवर रागावायचे कसे, हे मला कुणी शिकवले नव्हते.

कलम ५. (मंगळवारी.) सोमवारी रात्री मनात आले की भांड्यांची यादी करावी, म्हणजे नंतर नातलग भांडणार नाहीत. म्हणून मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात बसलो. परात, हंडे, पकवान तळायची कढई, आणि पोळपाट. पोळपाट सागाचा, वीतभर रुंद, दोन बोटे जाड. माझी दिवंगत पत्नी पार्पती हिने वखारीतली लाकडाची एक चकती आणून रंधून घेतली होती. त्यावर लाटलेली कोकी, म्हणजे आमची कांदा घातलेली जाड पोळी, मी एकोणीस वर्षे दह्याबरोबर खातो आहे. लाकूड कोणते हे पाहायला मी पोळपाट उलटा केला.

खाली मासा होता.

शेपूट उमटलेले नव्हते, पण डोळा, खवले, सगळे आमचेच. मी पोळपाट डोळ्यांशी धरला. हर्षाला वाटले मला चक्कर आली.

"बाबा, पाणी देऊ?"

"ही चकती कुठली?"

"तुम्ही उल्हासनगरला लग्नाला गेला होतात ना, तेव्हाची. विशनदासकाकांनी ढीगभर चकत्या कापून टाकल्या होत्या. बाकीच्या हमालांनी चुलीत घातल्या. आईनं एक उचलली."

मग मला फोन आठवला. लग्नाच्या मांडवात, ढोल वाजत असताना विशनदासचा फोन आला होता. "शेठ, उन्हानं ओंडक्यांची तोंडं फाटलीत. काय करू?" मी म्हणालो, "कापून टाक. फाटक्या तोंडाचा माल कोण घेणार?" गिऱ्हाईक ताजे तोंड पाहून भाव करते, त्यामुळे फाटलेले तोंड कापणे ही वखारीतली रोजची गोष्ट आहे. रोजची होती म्हणूनच ती मला आठवली नाही. विशनदासला आठवत असावी, पण चारचौघांत ओरडणाऱ्या शेठला कोण सांगणार? लेखराजने मारलेले दोनशे बारा मासे मी कापवले, माप मी कमी केले, आणि दोन दिवसांनी परत येऊन बॅटरी घेऊन मीच ते शोधत फिरलो.

हे मला पुरते समजत नाही. मी वाईट माणूस आहे की फक्त ढोल मोठा वाजत होता? धर्मिष्ठाबेन म्हणतात, हा प्रश्न मृत्युपत्रात बसत नाही. कुठे बसतो ते त्यांनी सांगितले नाही.

कलम ६. आणि पार्पती? मासा खाली करून तिने गुळगुळीत बाजू वर घेतली. तिने तो पाहिला नसेल का? दर चेटीचंडला ती माझ्यापासून लपवून लेखराजच्या घरी ताट पाठवायची, हे मला माहीत होते. मी दयाळूपणाने दुर्लक्ष करतो आहे, असा माझा समज होता. ती एकदा एवढेच म्हणाली होती, "तुम्हाला सांगून कधी काही समजलंय?" मी तेव्हा ते भाजीतल्या मिठाबद्दल समजलो. आता विचारायला ती नाही.

कलम ७. कलम ३ रद्द. वखार, गिरणी आणि लाकूड यांचा अर्धा हिस्सा लेखराज मेंघराज सबनानी याला. हर्षाला हे कबूल आहे. पोळपाट हर्षालाच, पण तो यापुढे मासा वर करून भिंतीला लावावा आणि कोकीसाठी नवा घ्यावा.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर. आज लेखराजला बोलावले. एकोणीस वर्षांनी तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला. हर्षाने पापड आणि पाणी ठेवले. मी पोळपाट त्याच्या मांडीवर उलटा ठेवला. त्याने अंगठा फिरवला.

"हा शेवटच्या दिवशीचा," तो म्हणाला. "हातोडा निसटला होता अदा, पाऊस होता. शेपूट आलं नाही. पुन्हा मारणार होतो, ट्रक निघाला."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. मी थोरला असल्यामुळे त्याने धरू दिले नाहीत. मग आम्ही दोघेही रडलो. धर्मिष्ठाबेन खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

कलम ७ वाचून दाखवल्यावर बेन म्हणाल्या, "एक साक्षीदार डॉक्टर आहेत, आता दुसरा हवा. लेखराजकाका चालणार नाहीत. ज्याला मिळायचं आहे त्यानं साक्ष देऊ नये. उद्या कुणी बोट दाखवेल."

लेखराजने विचारले, "म्हणजे साक्ष दिली तर हिस्सा सोडावा लागेल?"

"सोडलेला बरा."

"मग पेन द्या."

"अरे वेड्या, अर्धी वखार आहे!" मी ओरडलो.

"वखार हर्षाची, अदा. मला तुझ्या कागदावर साक्ष द्यायची आहे. तेव्हा माझी साक्ष कुणी घेतली नव्हती."

मी खूप समजावले. तो ऐकत नाही. त्यामुळे कलम ७ मधला हिस्सा त्याच्या इच्छेने हर्षाकडे जातो, म्हणजे सोमवारी होते तेच पुन्हा झाले, आणि तरी तसे झालेले नाही. मला हे मांडता येत नाही. हातोडा मी मृत्युपत्रात घालत नाही. तो आत्ताच, जिवंतपणी, त्याच्या हातात दिला आहे.

स्थळ: गांधीधाम. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३.

सही: हशमतराय मेंघराज सबनानी

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी वरील सही केली, त्याचे साक्षीदार:

१. डॉ. मोहन आसनानी. (शुद्धीत होते. रडत होते.)

२. लेखराज मेंघराज सबनानी. कलम ५ खरे आहे. दोनशे बारा होते. सहीखाली शाईत टेकवून हातोड्याचा छाप मारला आहे. शेपूट आले आहे.