काचेवरचं पिवळं जिलेटीन

बुलढाणा,
ता. ५ डिसेंबर १९६८

ती. शेषरावदादांस, कोकिळेचा साष्टांग नमस्कार.

इकडे सारी खुशाल आहेत. धाकटीचा खोकला थांबला. वहिनींना तिकडची थंडी सोसते का, ते कळवा.

बाबा चार दिवस राहून परवाच्या एस.टी.नं गावी वडनेरला परत गेले. आता ते तुमच्याकडे येतील, तुमच्या कागदगिरणीतला पिवळा न पडणारा कागद मागायला.

माझ्या लग्नात बाबांनी स्वतः रचून छापलेल्या मंगलाष्टकांचा तसबिरीतला कागद पार पिवळा पडलाय. वाळल्या पानासारखा तुटतो. तुम्ही तेव्हाच बजावलं होतं, लाकडाच्या लगद्याचा कागद आहे, उजेडानं पिवळा पडतो, माजघरातच टांग. काचेवर पिवळं जिलेटीनही तुम्हीच लावून दिलं, कागदाला बाधणारा उजेड त्यात अडतो म्हणून. मी ते सगळं पाळत होते.

मग शेजारी पुण्याच्या एक बाई राहायला आल्या. एकदा घरी आल्या नि भिंतीवरचं मोठ्यानं वाचू लागल्या, "माही लेक तुले दिली, जवाईबापू, जपा तिले." पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. कोणी लिहिलं हो, म्हणाल्या. मी म्हटलं, असंच, गावाकडच्या कुणीतरी. बाबांचं नाव तोंडातून निघालं नाही, दादा.

दुसऱ्याच दिवशी मी तसबीर मागच्या पडवीत नेऊन टांगली. तिथे दिवसभर ऊन. दिवाळीत मुलांनी आकाशकंदिलासाठी जिलेटीन मागितलं, तेही सोलून दिलं.

बाबांना आल्या आल्या माजघरातली भिंत रिकामी दिसली. तसबीर त्यांनीच शोधली. बराच वेळ तिच्यापुढे उभे होते. मग चुलीजवळ येऊन बसले नि म्हणाले, "बाई, चूक माहीच हाय. तुह्या लग्नात म्या कागद हलका घेतला. चांगला आणून पुन्हा छापून देतो तुले."

मी भाकरी थापत राहिले. बाप लेकीची माफी मागत होता आणि लेक गप्प बसून ती घेत होती. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

बाबा आले की कागद लगेच देऊ नका. आधी हे पत्र त्यांच्या हातात द्या. मला तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. वाचल्यावरही त्यांनी कागद मागितला, तर मग द्या.

बाबांची लेक,
कोकिळा