उत्तरायणाच्या आदल्या दिवशीचा अर्ज

बडोदे, ४ फेब्रुवारी २००६

प्रिय मोहना,

तुला निलंबित केल्याचं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ज्यांना स्वतःची ई-मेल उघडता येत नाही, ती माणसं तुला निष्काळजी ठरवणार! मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे मंगळवारपर्यंत, जगदेवरावसाहेब प्रत्येक मेल माझ्याकडून, म्हणजे त्यांच्या सेक्रेटरीकडून, छापून घेऊन कागदावर वाचत होते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी अशा विद्यार्थ्याला वर्षभर कोपऱ्यात उभं केलं असतं.

तुमचं ते पहारेकरी सॉफ्टवेअर तू मला जेवणाच्या सुट्टीत समजावलं होतंस. आपल्या रंगांच्या कारखान्याच्या नेटवर्कवरून जाणारा प्रत्येक संदेश ते उघडून बघतं आणि घुसखोर दिसला की ओरडतं. पण खोट त्याच्या वाचण्यातच निघाली होती. मुद्दाम वेडावाकडा रचलेला संदेश तपासायला घेतला, की तो संदेशच त्याचा ताबा घेतो. "मावशी, चोरानं कुलूप तोडायलाच नको, पहारेकऱ्यानं त्याची झडती घेतली की झालं," असं म्हणत तू माझ्या डब्यातला ढोकळ्याचा शेवटचा तुकडा पळवलास. मी म्हटलं, असे पहारेकरी आपल्याकडे पगारावर बरेच आहेत. किती हसलो होतो आपण.

दुरुस्ती तयार होती. ती बसवायला नेटवर्क तासभर बंद ठेवायचं, म्हणून साहेबांची सही हवी. तेरा जानेवारीला तू तसा अर्ज दिलास. चौदा-पंधराला उत्तरायणाची सुट्टी. सगळं बडोदं गच्चीवर पतंग काटून 'काप्यो छे' ओरडत होतं, आणि कुणीतरी त्याच वाटेनं शिरून आपल्या रंगांची सगळी सूत्रं घेऊन गेलं. आता साहेब म्हणतात, अर्ज तातडीचा आहे हे त्या पोरीनं कळवलंच नाही.

परवा ते पेढे घेऊन सयाजीगंजात माझ्या घरी आले. "अहल्याबेन, एक छोटीशी सही." अर्जावर तातडीची लाल चिठ्ठी नव्हती, एवढंच त्या कागदावर लिहिलं होतं. मी सही केली. त्यांच्या टेबलावर अर्ज गेला तेव्हा ती नव्हतीच.

मोहना, अर्ज आधी माझ्या टेबलावर आला तेव्हा ती मी काढली होती. लाल चिठ्ठी फक्त खातेप्रमुखानं लावायची, हा ऑफिसचा जुना शिरस्ता मीच इतकी वर्षं सांभाळला. दोन वर्षांच्या नोकरीतली मुलगी ती लावते याचा मला राग आला. चिठ्ठी चुरगळून टाकली आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. आत काय लिहिलंय ते वाचलंही नाही. याला मी शिस्त म्हणत आले. होता नुसता तोरा. आणि त्यावर परवाची ती सही.

आज सकाळी चौकशी समितीला हे सगळं लिहून दिलं आणि सही मागे घेतली. नक्कल सोबत जोडली आहे. गुरुवारी अकराला तुझी चौकशी. साडेदहाला मी फाटकाशी उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण आत एकटी जाऊ नकोस.

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
अहल्यामावशी