वळणावरचा गाळ

प्रिय वहिनी,

ही हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ते तूच ठरव. पण तुला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी शाळेला दांड्या मारून दिवसभर नदीत डुंबायचो आणि तू मला बेडक्या म्हणायला लागलीस. आईच्या धपाट्यांनी जे झालं नव्हतं ते त्या नावाच्या लाजेनं झालं. मी पाण्याबाहेर आलो, रडतखडत का होईना शाळा पुरी केली. आता तू दुसरं लग्न करून बेकरीवाल्यांच्या घरी आहेस, सुखात आहेस असं ऐकतो. पत्र त्यांनाही वाचायला दिलंस तरी चालेल. समजूतदार माणूस आहे. फक्त मधेच फाडू नकोस, एवढं ऐक.

इकडची खबर म्हणशील, तर आई तिच्या मानानं बरी आहे. गुडघे गेले, कान निम्मे गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. शेजारीण रोज डोकावते आणि रोज बोलणी खाऊन जाते, तरी दुसऱ्या दिवशी हजर. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच अजून तशीच तडकलेली आहे. दर सुट्टीला बदलीन म्हणतो आणि सुट्टी संपते. माझं लग्न राहून गेलं ते गेलंच. आई म्हणते, या घरात सून टिकत नाही. असं म्हणून ती कूस बदलते, मी उठून बाहेर जातो. तो विषय दोघांनाही नको असतो.

मी गेल्या वर्षापासून ड्रेजरवर आहे, हे तुला कळलं असेल. नदीतला गाळ काढायचं जहाज. इतर जहाजं माल आणतात, आमचं चिखल नेतं. दिसायला म्हणशील तर बेंगरूळ. पुढे एक मोठी क्रेन, तिला लोखंडी जबडा, आणि मधोमध एक भलीमोठी उघडी कोठी. जबडा पाण्यात सोडायचा, तळाशी टेकला की मिटायचा, वर ओढून कोठीत रिकामा करायचा. कोठी भरली की जहाज खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात जातं, तळाची दारं उघडतात आणि सगळा गाळ खाली जातो. मग परत यायचं, परत खणायचं. क्रेन माझ्याकडे आहे. काचेच्या खोलीत बसून दोन दांडे हलवायचे. पहिल्या दिवशी कप्तान म्हणाले होते, की घाई करणारा माणूस या खुर्चीत नको. मी त्यांचा भरवसा कमावला. हाताखाली काय लागतंय, मऊ गाळ की वाळू की दगड, ते मला दोराच्या थरथरीवरून कळायला लागलं. मला या कामाचा अभिमान वाटायचा, वहिनी. वाटायचा असंच म्हणतो.

आता दादाबद्दल बोलायला हवं. तुझ्यासमोर मी त्याचं नाव शेवटचं कधी घेतलं, मलाच आठवत नाही. त्याची ती मालाची होडी, इंजिनाचा तो खोकला, तो किनाऱ्याला लागायच्या आधीच तू चूल पेटवायचीस. कधीतरी सिमेंटची पोती, कधी भाजीच्या टोपल्या, एकदा कुणाचं तरी कपाट, आणि त्या कपाटात मांजर निघाली होती. तो किस्सा त्यानं महिनाभर सांगितला. हसला की सगळं घर हसायचं. पण त्या शेवटच्या दिवसांत तो हसत नव्हता. तान्ही भिंगरी तुम्हाला रात्री झोपू द्यायची नाही, काम कमी झालं होतं, तुमची धुसफूस चालायची. सकाळी तो पलीकडच्या काठाला जातो म्हणून निघाला आणि आला नाही.

त्या दिवशी वारा नव्हता, पाऊस नव्हता. नदी ताटात वाढल्यासारखी शांत होती. म्हणूनच लोकांचं फावलं. होडी सापडली नाही, माणूस सापडला नाही, म्हणजे दोघं मिळून कुठेतरी गेले, असा सरळ हिशेब. न्हाव्याला आठवलं, की दादा त्याच्या खुर्चीत बसून या सगळ्याचा कंटाळा आला म्हणाला होता. मग कुणी त्याला दूरच्या बंदरात पाहिलं, कुणी एका बाईबरोबर पाहिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू मात्र भिंगरीला कडेवर घेऊन धक्क्यावर जात राहिलीस. तो असा जाणार नाही, म्हणत राहिलीस. आणि आई तुला म्हणाली, की तुझ्या तोंडाला कंटाळूनच माझा मुलगा गेला. मी तिथंच ताटावर बसलो होतो. मान वर न करता जेवत राहिलो. कारण मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला ते वाटून घेणं सोयीचं होतं. मेलेल्या भावासाठी रडावं लागतं, पळालेल्या भावावर नुसतं रागावता येतं. पुढे तू ते घर सोडलंस तेव्हा मी तुझी ट्रंक स्टँडवर पोचवली आणि वाटेत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

गेल्या महिन्यात आमचं जहाज नदीच्या मोठ्या वळणावर लागलं. तिथं कधी कुणी खणलं नव्हतं, कारण मोठी जहाजं तिथून जात नव्हती. आता जाणार आहेत. गाळ जाड, काळा, लोण्यासारखा. दुपारच्या जेवणानंतर जबड्याला काहीतरी अडकलं. दोर वेगळाच थरथरला. वर ओढलं तर फळ्या. अशा वस्तू निघतात अधूनमधून, त्या कोठीत न टाकता डेकवर ठेवायच्या असा नियम आहे. मी त्या डेकवर उतरवल्या. इंजिनखोलीतल्या तेलवाल्यानं पाण्याचा फवारा मारून चिखल धुतला आणि मला वरून, काचेतून, एका फळीवर ठोकलेला पत्रा दिसला. चौकोनी, एका कोपऱ्यात वाकडा, भोवती वेडेवाकडे खिळे. तो पत्रा मी ठोकला होता. दादानं मला होडीचं भोक बुजवायला सांगितलं होतं आणि माझं काम पाहून म्हणाला होता, की बेडक्या, माशांना हसवायला ठोकलास का हे.

फळ्यांबरोबर आणखी एक गोष्ट आली होती. रबरी रेनकोटात गुंडाळून दोरानं आवळलेलं काहीतरी जड. तेलवाल्यानं दोर कापला. आत शिवणयंत्र होतं, वहिनी. गंजून चिखलाचा गोळा झालेलं, पण चाक आणि मान ओळखू येत होती. रेनकोट दादाचा. खांद्याला तू हिरव्या कापडाचं ठिगळ लावलं होतंस, ते अजून तिथं होतं. तुमची धुसफूस कशावरून चालायची ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तू शिवणकाम घरी आणायचं म्हणत होतीस, तो नाही म्हणत होता, बायकोच्या कमाईवर जगायचं का म्हणत होता. त्या दिवशी तो पलीकडे गेला आणि तुझ्यासाठी यंत्र घेऊन परत निघाला. होडीतल्या पाण्यानं ते ओलं होऊ नये म्हणून होडीत कायम असायचा तो रेनकोट त्याला बांधला. कुठली लाँच जोरात शेजारून गेली आणि तिची लाट लागली, की माझा पत्रा सुटला, हे मला माहीत नाही. पाणबुड्यांनाही सांगता आलं नाही. पत्रा फळीवर होता, एवढं मी माझ्या मनाला सांगतो.

तू म्हणशील, पाणबुडे आले म्हणजे मी लगेच सांगितलं असेल. नाही सांगितलं. इथंच माझा हात अडतोय.

कप्तानांनी खालून हातानं विचारलं, काय आहे. मी हातानंच सांगितलं, भंगार. आणि जबडा परत खाली सोडला. त्याच जागी. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. माझे हात चालत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. ओळखलं म्हणालो असतो तर त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, इतकी वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या तो माणूस माझ्या दोराच्या खाली आहे, हे कबूल करावं लागलं असतं. मी दुपारभर खणत राहिलो. जबड्यातून गाळाबरोबर आणखी काय आलं, मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं. प्रत्येक वेळी जबडा उघडायच्या क्षणी मी समोरच्या काठावरच्या झाडाकडे बघायचो. कोठी भरली. जहाज खाडीबाहेर निघालं. ऊन कलतं होतं, स्वयंपाक्यानं चहा आणून दिला, मी तो प्यायलोसुद्धा. अजूनही तोंड उघडलं असतं तर दारं उघडली नसती. सगळी कोठी चाळून बघितली असती. दारं उघडली तेव्हा मी मागच्या कठड्याला धरून उभा होतो. जहाज हलकं झालं की एकदम वर उचललं जातं, ते पायाला जाणवतं. ते मला जाणवलं.

सकाळी मी कप्तानांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं, काम थांबवायला सांगितलं, जलपोलिसांना कळवलं. मग तोंड पुसून एवढंच म्हणाले, "काल दुपारी सांगायला हवं होतंस." ओरडले असते तर बरं झालं असतं. पाणबुडे आले, त्यांनी वळणाचा तळ हातानं चाचपला. होडीचं नाक मिळालं, इंजिन मिळालं, एक बूट मिळाला. दादा मिळाला नाही. त्याला मी समुद्रात सोडून आलो होतो. पोलीस म्हणाले, इतक्या वर्षांनी काही उरलं असेलच असं नाही. चांगुलपणानं म्हणाले. मी मान हलवली.

आईला सांगायला मला आठवडा लागला. कानाशी बसून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि अशी गोष्ट मोठ्यानं सांगणं किती कठीण असतं, तुला काय सांगू. तिनं ऐकलं. चादरीची कड बोटात धरून बसली. मग म्हणाली, "पाणी गार होतं का रे?" मी म्हणालो, नव्हतं, ते दिवस उन्हाचे होते. तिनं मान हलवली. संध्याकाळी मला हाक मारून विचारलं, की तिला कळवलंस का. ती म्हणजे तू. मी नाही म्हणालो. तेव्हा म्हणाली, "मी तिला काय काय बोलले." दादाचा फोटो तिनं कधीच ट्रंकेच्या तळाशी टाकला होता. तो तिनं मला काढायला लावला. भिंतीवर लावला नाही अजून, उशाशी ठेवते.

वळणाचं काम माझ्याकडून काढून घ्या, असं मी कप्तानांना सांगितलं. त्यांनी दुसरा माणूस दिला. मी सध्या इंजिनखोलीत तेलपाणी बघतो. पगार तोच आहे, पण काचेच्या खोलीत पाय ठेववत नाही. यंत्र पोलिसांनी परत दिलं. मी रोज थोडं थोडं खरवडतो. चाक आता पाव फेरा फिरतं. चालणार नाही ते कधी. तुला हवं असेल तर आणून देतो, नको असेल तर तसं कळव. माफी मागायला हे लिहीत नाही. ताटावर मान खाली घालून बसलेल्या माणसानं आणि त्या कठड्याला धरून उभ्या राहिलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं मागायची?

लिहितोय ते भिंगरीसाठी. गेल्या सुट्टीत तू तिला आजीला भेटायला दिवसभर पाठवली होतीस. तेव्हा ही होडी अजून गाळातच होती. किती उंच झालीय पोरगी. मी तिला जहाज दाखवायला नेलं, क्रेनच्या खुर्चीत बसवलं. तिथं बसून तिनं मला विचारलं, की माझे बाबा कसे होते. मी म्हणालो, माणूस वाईट नव्हता, पण जबाबदारी पेलवली नाही त्याला, म्हणून निघून गेला. ती दोन्ही दांडे धरून बसली होती. हळूच म्हणाली, "म्हणजे ती जबाबदारी मीच ना, काका?" आणि वहिनी, मी तिला नाही म्हणालो नाही. चल, उशीर होईल, म्हणालो. परतीच्या बसमध्ये बसवेपर्यंत ती हसून बोलत होती, म्हणून मला वाटलं, विसरली. आता रोज रात्री मला तिचा तो हळू आवाज ऐकू येतो. ती ते मनात घेऊन हिंडतेय, आणि ते तिच्या मनात मी घातलंय. तू बोलावलंस तर मी येतो आणि माझ्या तोंडानं तिला सांगतो, दुपारची गोष्टसुद्धा सांगतो, मग तिनं माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. बोलवावंसं वाटलं नाही तर तू सांग. पण आजच सांग, हे पत्र घडी करून ठेवायच्या आधी. तिला सांग, की तिचा बाप त्या दिवशी घरीच यायला निघाला होता.

तुझाच,
बेडक्या