कुर्म्यात न आलेलं पाकीट

३१ मार्च
नर्सिंगच्या यादीत नाव लागलं! जुलैपासून गडचिरोली. चिंगीले माह्या मायजवळ ठेवायचं ठरलं. आत्या (नात्यानं सासू, पण सख्खी आत्याच) म्हणते, "पोरगी दीड वर्साची झाली, आता पोरगा पाहा." कशाले बोलू? पाकिटातल्या पोर थांबवायच्या पांढऱ्या गोळ्या काल संपल्या. आजपासून सात काळ्या, मंग दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट.

४ एप्रिल
पाळी आली. कुर्म्यात. गावाच्या कडेची ही झोपडी, अन् पाच दिवस घर बंद. घाईत काळ्या तेवढ्या उचलल्या, नवीन पाकीट देवाच्या फळीवर राह्यलं. वही बी घरीच, म्हणून मोबाइलवर लिहून राह्यली. मोबाइल आत येते, बाहेर जाते, हळदीचं पाणी शिंपडलं की झालं. रेंज मात्र टेकडीवरच.

६ एप्रिल
शेवटची काळी घेतली. आत्या भात ठेवाले आली तं लांबूनच म्हटलं, नवीन पाकीट आणून दे वो. "घरातलं पाकीट कुर्म्यात आलं तं परत फळीवर कसं ठेवू?" अवं, नको ठेवू! नाई म्हणजे नाई. मंग जाता जाता तिलेच दया आली. "कात्रीनं दोन कापून आणतो." चला, हे तरी.

७ एप्रिल
काळ्या आणल्या!! पानात गुंडाळून, वर हसून. "रक्त जाते तं रक्ताच्याच गोळ्या पाहिजे ना, पोरी."
काळ्या लोहाच्या, रक्तासाठी, हे मीच तिले सांगतलं होतं. पण त्यानं पोर थांबत नाई वो आत्या, पांढरी पाहिजे, आजच पाहिजे! इतकी ओरडली की मोहा वेचणाऱ्या बाया टोपले टाकून पाहाले लागल्या. कळलं साऱ्या गावाले. कळू दे.
आत्या फणफणत गेली. पांढरी आली नाई.

८ एप्रिल
नवरा आला, गडचांदूरच्या सिमेंटच्या कामावरून सुट्टी काढून. बाप्यानं कुर्म्याजवळ यायचं नाई, म्हणून रस्त्यावर गाडी उभी करून बोलला. गोळी पाठव म्हटलं.
"अवं, तू तिथी, मी इथी. गोळी काऊन पाहिजे?"
डोकं फिरलं माहं. याले वाटते गोळी म्हणजे छत्री, पाऊस आला की उघडायची. अन् हा बारावी पास!

९ एप्रिल
आज निघायची होती. तं म्हणे नव्या आंब्याचा पंडुम हाये, सण होतपर्यंत घरात पाय नको. दोन दिवस अजून. देवाले चालत नाई म्हणे. देवावर माहा राग नाई, देवानं कधी गोळी अडवली नाई. अडवणारे हे सारे भात खाऊन झोपून राह्यले.

११ एप्रिल
सुटली. डोक्यावरून पाणी घेतलं अन् आधी फळी गाठली. पांढरी गिळली. चार दिवस उशीर.
रात्री नवरा. गोळ्या देणारी आशाताई लग्नाले गेली, तिले विचारेपर्यंत थांब म्हटलं. "घेतली ना आता? मंग?" भांडून भांडून थकली होती मी...

१६ एप्रिल
आशाताई लग्नाहून परतली. सारं सांगतलं. मंग म्हणे, "मधली एखादी राहिली तं निभते. पाकिटाची सुरुवात चुकली, तेच सगळ्यात वाईट. आता सात पांढऱ्या लागोपाठ पोटात जाईपर्यंत भरवसा नाई, तोवर नवऱ्यानं निरोध वापरायचा नाई तं दूर राहायचं." अन् त्या रात्रीचं? "तीन दिवसांच्या आत आली असती तं त्यासाठी वेगळी गोळी होती माह्याजवळ."
तू कुठी होती पण! तिच्यावर बी ओरडली. तिची काय चूक. "घेत राहा रोज. रागानं सोडू नको."
टेकडीवर चढून नवऱ्याले फोन केला. "पाहू ना. झालं तं झालं."
झालं तं झालं! तुह्या पोटात ठेव नऊ महिने. गडचिरोलीले मी जातो.

८ मे
एक बी गोळी चुकली नाई यावेळी. काळ्या आज संपल्या. दर खेपेले चौथ्या-पाचव्या काळीले येते. नाई आली.
आत्या नजर ठेवून हाये. "काऊन, या महिन्यात कुर्म्यात गेली नाई?" अन् खुशीत माह्या ताटात दोन अंडी. दोन्ही चिंगीले दिली.
आशाताईनं टेस्टची पट्टी दिली. उद्या सकाळी. एकच रेघ आली तं लगेच नवीन पाकीट सुरू कर म्हणाली. मी दोन मागून घेतले. एक फळीवर, दुसरं प्लास्टिकमध्ये बांधून कुर्म्याच्या छपरात खोचून आली. ते तिथलं तिथीच राहील. कोणाले विचारायचं नाई, कोणाची कात्री नाई.
महिनाभर या झोपडीले शिव्या दिल्या. आज सकाळपासून सारखं पोट दाबून पाहून राह्यली, कुठी दुखते काय. न्या ना मले कोणी कुर्म्यात.