लाल ठिपका

तीर्थरूप बाबा, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही रंधा मारताना वासावरून लाकूड ओळखता ना, तशी मी विमानातून काढलेल्या फोटोंत पानांच्या रंगावरून जंगलातली झाडं ओळखते. किमती झाड दिसलं की नकाशावर लाल ठिपका देते. तो नकाशा फक्त मी आणि आमचे साहेब बघतो.

महिनाभर नव्या फोटोंत नेमकी लाल ठिपक्यांचीच झाडं गायब होताहेत. शेजारच्या झाडांना धक्काही नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी मुद्दाम तशाच दिसणाऱ्या, पण जळणाच्याच लायकीच्या एका झाडावर ठिपका दिला. आज सकाळी आलेल्या फोटोत ते तोडून तसंच टाकून दिलेलं दिसलं.

दुपारी साहेबांनी हसत विचारलं, "तुम्ही तर कधी चुकत नाही. या वेळी कशा चुकलात?"

बाबा, तो फोटो मी अजून कुणालाच दाखवलेला नाही.

काळजी करू नका. फक्त कुणी फोन करून मी घरी कधी येणार असं विचारलं, तर माहीत नाही म्हणा.

तुमची धाकटी